शिष्यत्वाचे ग्रंथ व त्यांची कसोटी

नांदेड शहरास शिष्यत्वाचा अर्थ सांगावयास बाहेरून कोणी यावयास नको. ‘शीख’ हा शब्दच मुळीं ‘शिष्य’ या शब्दापासून निघालेला. आणि शीख परंपरा असें मानते कीं, इ. स. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंगांनीं येथेंच, गोदावरीच्या कांठीं, देहधारी गुरूंची मालिका संपवून ग्रंथास गुरुपद दिलें. त्याच सालीं माधोदास नांवाचा एक बैरागी त्यांस येथें भेटला आणि ‘बंदा’ म्हणजे सेवक होऊन उत्तरेकडे गेला. त्या ग्रंथांत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. आणि ज्या औंढा नागनाथाच्या देवळांत नामदेवांस विसोबा खेचर भेटले म्हणून सांगतात, तें स्थळहि नांदेडापासून फारसें दूर नाहीं.

नांदेडच्या दक्षिणेस लातूर. या शहरानें गेल्या कांहीं दशकांत सबंध महाराष्ट्रास एक निराळाच शब्द दिला. तो म्हणजे ‘लातूर पॅटर्न’. नियमित तास, वारंवार चांचण्या, ठरीव सराव, आणि शेवटीं परीक्षेंतील गुण, अशी ही पद्धति. तिनें खेड्यापाड्यांतील पुष्कळ होतकरू मुलांस वैद्यकीच्या व यंत्रविद्येच्या दारापर्यंत नेऊन पोंचविलें, हें कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

ख्रिस्ती शिष्यत्वावरील ग्रंथांचें परीक्षण करावयास बसलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें हे दोन शब्द उभे राहतात. कांहीं ग्रंथ शिष्य कसा घडत गेला तें दाखवितात. कांहीं ग्रंथ शिष्य कसे घडवावे याची पद्धति शिकवितात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथांत मराठी भाषा संपन्न आहे; पण आज अभ्यासवर्गांतून ज्यांचा बोलबाला आहे ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे, आणि तेहि परदेशांतून आलेले. दोहोंचें मोल सारखें समजावें काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ चर्चमधील मंडळींचा आहे असें कोणीं समजूं नये. मराठवाड्यांत जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसविणारे नारायण शेषाद्रि यांचेंच उदाहरण घ्या. १८४३ मध्यें मुंबईस त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा तेव्हां अज्ञान होता, आणि तोहि मिशनरी लोकांच्या आश्रयास गेला होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. पण त्यास शुद्ध करून जातींत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबईंत रण माजलें, आणि त्यास परत घेण्याचा पक्ष उचलून धरणारे बाळशास्त्री जांभेकर सनातनी मंडळींच्या रोषास पात्र झाले. एका बालकाच्या शिष्यत्वावरून एक घर, एक जात आणि एक शहर दुभंगलें. अशा देशांत, ज्या घरांत एखादा मुलगा किंवा एखादी सून शिष्यत्वावरील पुस्तक घेऊन येते, त्या घरास विचारण्याचा अधिकार आहे कीं, हें पुस्तक मनुष्यास मनुष्य समजतें कीं संख्या?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू आपल्या अनुयायांस सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करण्याची आज्ञा देतो. या एका आज्ञेवर हें सर्व वाङ्मय उभें आहे. मूळ ग्रीक भाषेंत ‘शिष्य करणें’ हें एकच क्रियापद आहे. मराठींत त्याचे दोन शब्द होतात, आणि त्यांतील ‘करणें’ या शब्दाशीं मराठी कान थोडा अडखळतो. त्यास कारण आहे. समर्थांनीं दासबोधाच्या पांचव्या दशकांत शिष्याचीं लक्षणें सांगितलीं खरीं. पण त्यापूर्वीं गुरूचीं लक्षणें सांगितलीं, आणि शिष्यांची भरती करणाऱ्या पोटभरू गुरूंची जी संभावना केली ती आजहि झोंबते. एकनाथांनीं देवगिरीस जनार्दनस्वामींच्या घरीं हिशेब लिहितां लिहितां शिष्यत्व मिळविलें. एका क्षुल्लक नाण्याची चूक शोधण्यासाठीं त्यांनीं सारी रात्र जागविल्याची कथा घरोघर माहीत आहे. तुकोबांस शिष्यशाखा वाढविण्याचा सोस नव्हता; तरी शिऊरच्या बहिणाबाई त्यांच्या शिष्या झाल्या, आणि त्याहि, त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, स्वप्नांत झालेल्या उपदेशानें. शिष्य होतो, त्यास कोणी करीत नाहीं, अशीच आपल्या भाषेची साक्ष आहे.

आश्चर्य हें कीं, शुभवर्तमानें जवळून वाचलीं तर तींहि याच्या विरुद्ध बोलत नाहींत. मार्काच्या शुभवर्तमानांत एक धनवान् गृहस्थ येशूकडे येतो. येशूस तो आवडतो. पण सर्वस्व विकून गोरगरिबांस देण्याची गोष्ट निघतांच तो खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागें धांवत नाहीं, अट सैल करीत नाहीं, आणि त्यास शापहि देत नाहीं. योहानाच्या सहाव्या अध्यायांत पुष्कळ शिष्य त्यास सोडून जातात, तेव्हां तो उरलेल्या बारा जणांस, तुमच्याहि मनांत जावयाचें आहे काय, असें विचारतो. त्या बारांपैकीं एकानें पुढें त्यास धरून दिलें, आणि जो सर्वांत पुढें असे त्या पेत्रानें एका रात्रींत तीन वेळां ओळख नाकारली. यशाची वही ठेवणारा गुरु असता तर त्यानें हीं पानें फाडून टाकलीं असतीं. शुभवर्तमानकारांनीं तीं जपून ठेवलीं.

यावरूनच आमची कसोटी निघते. शिष्यत्वावरील ग्रंथ हातीं आला म्हणजे प्रथम हें पाहावें कीं, नाहीं म्हणणाऱ्या मनुष्यास त्यांत जागा आहे काय. आणि असल्यास ती सन्मानाची आहे कीं केवळ अडथळ्याची?

प्रथम पद्धतीचे ग्रंथ घेऊं. स्कॉटलंडचे अलेक्झांडर ब्रूस यांनीं १८७१ मध्यें बारा शिष्यांच्या शिक्षणावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी धिमी आहे व भाषा प्रवचनाची आहे, तथापि त्याचा मोठा गुण असा कीं, तो शुभवर्तमानांतील प्रसंग क्रमानें घेतो आणि शिष्य किती वेळां चुकले, किती वेळां त्यांस गुरूचें बोलणें कळलें नाहीं, हें लपवीत नाहीं. आजच्या घाईच्या वाचकास तो लांबलचक वाटेल. परंतु शिक्षकानें तो अवश्य वाचावा. आपल्या वर्गांतील मंदबुद्धि मुलाविषयीं त्याच्या मनांत अधिक धीर उत्पन्न होईल.

त्यानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं, १९६३ मध्यें, अमेरिकेंतील रॉबर्ट कोलमन यांचें ‘मास्टर प्लॅन ऑफ इव्हँजेलिझम्’ हें छोटें पुस्तक निघालें. निवड, सहवास, समर्पण, दान, प्रात्यक्षिक, कार्य सोंपविणें, देखरेख आणि शेवटीं पुनरुत्पादन, अशा आठ पायऱ्यांनीं येशूच्या कार्याची उकल त्यांत केलेली आहे. या पुस्तकास न्याय द्यावयाचा तर प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मोठमोठ्या सभा व गाजावाजा यांवर त्याचा भरंवसा नाहीं. थोडीं माणसें निवडावीं, त्यांच्याबरोबर राहावें, आपण जसें जगतों तें त्यांस पाहूं द्यावें, हा त्याचा आग्रह आहे, आणि तो जनार्दनस्वामींच्या घरींहि पटला असता. सहवासावरील त्याचें प्रकरण उत्तम आहे.

पण शेवटची पायरी पाहा. जो शिष्य दुसरे शिष्य उत्पन्न करील तोच खरा, असें एकदां ठरलें म्हणजे निवडीचा निकषहि बदलतो. वृद्ध आई, अंथरुणास खिळलेला आजारी, अडखळत बोलणारा शेतमजूर, यांच्या हातून संख्या वाढणें कठीण. मग यांची निवड कोण करणार? कोलमन यांचा स्वतःचा हेतु असा नसेल. परंतु त्यांच्यामागून पद्धतीची जीं पुस्तकें निघालीं, त्यांपैकीं कित्येकांत एकाचे दोन, दोहोंचे चार असा गुणाकाराचा पाढाच येऊन बसला. येथें लातूरच्या पद्धतीची आठवण होते. परीक्षेस ठरलेला अभ्यासक्रम असतो, म्हणून तेथें पद्धति शोभते आणि फळहि देते. ज्या विषयाची उत्तरपत्रिका मनुष्यास उभ्या आयुष्यांत एकदांच लिहावयाची आहे, आणि जी तपासणारा आपण नव्हे, त्या विषयास सरावाचे तक्ते कितपत लागू पडावे? अशा पुस्तकांत नाहीं म्हणणारा मनुष्य सांपडतो, पण तो बहुधा ‘आक्षेप व त्यांचें निरसन’ या सदरांत. त्यास नांव नसतें, घर नसतें, आणि त्याचें म्हणणें खरें असूं शकेल ही शक्यताहि नसते.

याच्या अगदीं उलट टोंकास जर्मन धर्मवेत्ते डीट्रिख बोनहोफर यांचा १९३७ मधील ग्रंथ आहे. मूळ जर्मन नांवाचा अर्थ नुसता ‘मागून जाणें’ असा. इंग्रजी भाषांतरांत त्यास ‘किंमत’ हा शब्द जोडण्यांत आला, आणि तो अयोग्य नाहीं. जी कृपा मनुष्यापासून कांहींच मागत नाहीं ती स्वस्त कृपा, आणि जी त्याचें सर्व आयुष्य मागते ती महाग कृपा, हा भेद या ग्रंथाचा प्राण आहे. तो लिहिला गेला तेव्हां जर्मनींत हिटलरची सत्ता होती. बोनहोफर ज्या पाठशाळेंत तरुण पाळकांस शिकवीत तिला त्याच १९३७ सालीं गुप्त पोलिसांनीं टाळें ठोकलें. १९४३ मध्यें ते कैदेंत पडले आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं फांसावर गेले. मराठी वाचकास विशेष वाटेल ती गोष्ट अशी कीं, १९३४ मध्यें त्यांनीं गांधीजींच्या आश्रमांत राहण्याची इच्छा धरून पत्र लिहिलें होतें आणि गांधीजींनीं त्यांस बोलाविलेंहि होतें. तें येणें घडलें नाहीं. या ग्रंथांत ‘नाहीं’ या शब्दास मोठा मान आहे, कारण लेखक स्वतःच एका राष्ट्राच्या होकारापुढें नाहीं म्हणून उभा आहे. ग्रंथ कठीण आहे व जागोजागीं जर्मन धर्मशास्त्राच्या वादांत शिरतो, हा त्याचा दोष होय. तथापि पद्धतीच्या दहा पुस्तकांऐवजीं हें एक वाचावें, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

आतां घरच्या ग्रंथांकडे वळूं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’. तें १६१६ मध्यें गोव्यांत, रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें ११ हजार ओव्यांच्या या पुराणाची रचना संवादाची आहे. पाद्री-गुरु सांगतो आणि नवे श्रोते मधून मधून शंका काढतात. शंका काढणाऱ्यास मराठी ओवींत बसावयास जागा मिळाली, हें या ग्रंथाचें भूषण. पण ज्या गोव्यांत तो लिहिला गेला तेथें देवळें पाडलीं गेलीं होतीं आणि राजसत्ता पाद्र्याच्या पाठीशीं होती. अशा ठिकाणीं शंका विचारतां येते. निघून जातां येतें कीं नाहीं, हा प्रश्न वाचकाच्या मनांत शिल्लक राहतो.

इंग्रजींतून आलेला दुसरा प्रसिद्ध ग्रंथ बन्यनच्या यात्रेकरूचा. हरि केशवजी यांनीं केलेलें त्याचें मराठी भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें १८४१ मध्येंच निघालें. त्याच्या आरंभींच नायक विनाशाच्या नगरांतून पळतो; बायकामुलें मागून हांका मारतात, आणि तो कानांत बोटें घालून धांवत सुटतो. रूपकाच्या दृष्टीनें हा प्रसंग प्रभावी आहे, यांत शंका नाहीं. पण ज्या समाजांत घर हेंच मनुष्याचें पहिलें देऊळ, तेथील वाचकाचा जीव त्या दाराशीं उभ्या राहिलेल्या बायकोपाशीं अडकतो. बन्यननें पुढें दुसऱ्या भागांत तिलाहि वाटेस लावलें. तरी त्या पहिल्या रात्रीं तिला काय वाटलें, हें तिच्या तोंडून ऐकावयास मिळत नाहीं.

बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’ हें १८८८ मधील आत्मचरित्र याहून आपल्या जवळचें आहे. बेळगांवच्या एका कासार कुटुंबांत जन्मलेला मुलगा, त्याच्या घरचीं व्रतवैकल्यें, मुंबईच्या परमहंस मंडळीशीं त्याचा संबंध, मनाची दीर्घ काळ चाललेली ओढाताण, आणि शेवटीं १८५४ मधील बाप्तिस्मा, हें सर्व त्यांत प्रांजळपणें आलें आहे. शंका ही पायरी आहे, पाप नव्हे, हें या ग्रंथानें मराठींत फार लवकर दाखविलें. त्याचा दोष त्या काळचाच आहे. लेखक मागें वळून पाहतो तेव्हां त्यास आपलें जुनें घर बहुतांशीं अंधाराचें दिसतें. ज्यांनीं तें घर सोडलें नाहीं त्यांच्या बाजूनें बोलावयास कोणी उरत नाहीं.

ती बाजू बोलली लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत. हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झाला, आणि मराठी आत्मचरित्रांत त्याचें स्थान काय आहे तें नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. पण त्यास शिष्यत्वावरील ग्रंथ म्हणून कोणी हातीं घेत नाहीं, ही आमची तक्रार आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशीं मागें राहिलेली पत्नी येथें स्वतः बोलते. बन्यनच्या दाराशीं राहिलेल्या बाईस जणूं मराठींत वाचा फुटते. तिचा शोक, संताप, नातलगांमधील दिवस, मग पतीच्या गांवीं येऊनहि निराळें सांभाळलेलें सोंवळें, हें सर्व ती सांगते. आणि सांगतां सांगतां स्वतःवरहि हंसते, टिळकांवरहि हंसते. टिळकांचा तापट स्वभाव, हातांतला पैसा वाटेल त्यास देऊन टाकण्याची त्यांची खोड, यांवर तिनें पांघरूण घातलेलें नाहीं. पुढें जातीभेद देवाचा कीं मनुष्याचा, हा प्रश्न तिनें स्वतःच, आपल्याच तर्कानें सोडविला. १९०० मध्यें तिनें बाप्तिस्मा घेतला तो या वाटेनें चालून.

या पांच वर्षांत टिळकांनीं काय केलें? त्यांस दुःख झालें, त्यांनीं समजूत घातली, मधून मधून ते रागावलेहि असतील. परंतु पत्नीच्या नकारास त्यांनीं पांच वर्षें घरांत जागा दिली. शिष्य घडविण्याच्या कोणत्याहि आठ पायऱ्यांत ही पायरी आम्हांस आढळली नाहीं. लक्ष्मीबाईंचा होकार इतका भक्कम कां, याचें उत्तर त्यांच्या नकारांत आहे. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें त्यांनींच पुरें केलें. ज्या बाईनें एकेकाळीं पतीच्या धर्मास दारांत उभें केलें नाहीं, तिनें त्याचें महाकाव्य शेवटास नेलें. शिष्यत्वाची याहून मोठी परीक्षा कोणती असूं शकेल?

टिळक स्वतः तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें म्हणत. १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस जागा ठेविली. १९१९ मध्यें ते वारले, त्यामुळें तो प्रयोग वाढूं शकला नाहीं. पंडिता रमाबाईंचीं पत्रेंहि याच ओळींत बसतात. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डीन या आपल्या धर्ममातेशीं त्यांनीं जो पत्रव्यवहार केला तो १९७७ मध्यें प्रसिद्ध झाला. ख्रिस्तास गुरु मानीन, पण प्रत्येक मतासाठीं चर्चच्या अधिकाऱ्यापुढें सदसद्विवेक गहाण टाकणार नाहीं, असा त्यांचा बाणा त्यांत दिसतो. गुरूस होय म्हटलेल्या शिष्येसहि नाहीं म्हणण्याचा अधिकार उरतो, ही गोष्ट त्या पत्रांइतकी स्पष्टपणें फार थोड्या ठिकाणीं आली आहे.

येथें एक रास्त आक्षेप येईल. आत्मचरित्रें कितीहि गोड असलीं तरी तीं शिकवीत नाहींत. खेड्यांतील साध्या मंडळीस प्रार्थना कशी करावी, शास्त्र कसें वाचावें, शेजाऱ्याशीं कसें वागावें, हें क्रमवार सांगणारें पुस्तक लागतेंच. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पद्धतीचीं पुस्तकें जाळावीं असें आम्ही म्हणत नाहीं. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीस प्रमाणें सांगणारें पुस्तक उपयोगीच असतें. परंतु आईच्या हाताखालीं जी शिकली तिलाच मीठ कोठें थांबवावें तें कळतें. पद्धतीचें पुस्तक हातीं ठेवावें, पण त्याच्या शेजारीं एखादें शिष्याचें चरित्र अवश्य असावें, आणि दोहोंत विरोध आला तर चरित्रावर विश्वास ठेवावा.

नांदेड वा लातूर येथील एखाद्या लहानशा मंडळीनें किंवा सार्वजनिक वाचनालयानें या विषयाचें एक कपाट करावयाचें ठरविलें, तर त्यांत ‘स्मृतिचित्रें’ पहिलें ठेवावें. ‘अरुणोदय’ त्याच्या शेजारीं. रमाबाईंचीं पत्रें व टिळकांचे अभंग त्यानंतर. परकीय ग्रंथांत बोनहोफर प्रथम आणि ब्रूस दुसरा. कोलमन यांचें पुस्तकहि असावें, मात्र तें वाचतांना शेवटच्या प्रकरणापाशीं थांबून शुभवर्तमानांतील त्या खिन्न होऊन गेलेल्या धनवानाची आठवण करावी. आणि ज्या घरीं हीं पुस्तकें जातील त्या घरच्या आईस, आजीस, सुनेस तीं अगोदर वाचूं द्यावीं. त्यांनीं नाहीं म्हटलें तर वाद न घालतां पुस्तक कपाटांत परत ठेवावें. लक्ष्मीबाईंस पांच वर्षें लागलीं होतीं.